जुने पान, नवा ब्राउझर

एका क्रियापदापायी जगभरच्या संगणकतज्ज्ञांनी २०१८ साली दोन-अडीच महिने कडाक्याचा वाद घातला. क्रियापद तसे निरुपद्रवी होते : ‘फ्लॅटन’, म्हणजे सपाट करणे.

आपण रोज उघडतो त्या वेबपानांना हालतेचालते करणारी भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. बटण दाबले की यादी उलगडते, अर्ज भरताना एखादा आकडा राहिला की तांबडी अक्षरे दटावतात, ही सारी करामत तिची. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत असताना, १९९५ च्या मे महिन्यात, ती अवघ्या दहा दिवसांत उभी केली. या भाषेत याद्या हाताळण्याची एक नवी सोय आणायची होती. व्हाउचरांच्या मोठ्या गठ्ठ्यात लहान लहान गठ्ठे बांधलेले असावेत आणि त्यांचे दोरे सोडून सगळी व्हाउचरे टेबलावर एका ओळीत मांडावीत, तशी ही सोय. फायरफॉक्स ब्राउझरच्या चाचणी-आवृत्तीत ती ‘फ्लॅटन’ या नावाने घातली गेली आणि एक चालू संकेतस्थळ बिघडले. त्या संकेतस्थळाच्या पोटात ‘मूटूल्स’ नावाची जुनी लायब्ररी होती.

लायब्ररी म्हणजे इथे वाचनालय नव्हे. वारंवार लागणाऱ्या कामांचा आयता लिहून ठेवलेला संच. दोन हजारच्या दशकात निरनिराळे ब्राउझर एकमेकांशी इतके फटकून वागत की एकात नीटनेटके दिसणारे पान दुसऱ्यात कोलमडून पडे. तो ताप वाचवायला असे संच निघाले. जॉन रेसिग यांची ‘जेक्वेरी’ २००६ ची, मूटूल्सही त्याच सालची. दोघींच्या स्वभावात मात्र मोठा फरक होता, आणि पुढची सारी कटकट त्या फरकातून निघाली.

तो फरक मला माझ्या जुन्या धंद्याच्या भाषेत सांगू द्या. बँकेच्या लेजरला छापील रकाने असत : दिनांक, तपशील, नावे, जमा, शिल्लक. एखादा हुशार कारकून आपल्या सोयीसाठी वेगळी वही ठेवी, ती जेक्वेरी. दुसरा तितकाच हुशार कारकून बँकेच्याच लेजरात पेन्सिलीने आणखी दोन रकाने आखी, ती मूटूल्स. भाषेच्या मूळ वस्तूंनाच तिने आपल्या पदरच्या सोयी जोडल्या होत्या आणि त्यांत ‘फ्लॅटन’ होती. वर तिने आणखी एक रजिस्टर घातले होते. त्यात मूळ लेजरातून फक्त हाताने आखलेले रकाने उतरवून घ्यायचे, छापील सोडून द्यायचे, असा तिचा शिरस्ता. आता समजा, मुख्य कार्यालयाकडून नवे लेजर आले आणि त्यात ‘फ्लॅटन’ हा रकाना छापूनच आला. कारकुनाने सवयीने त्यावर आपला मजकूर गिरवला. पण रकाना छापील तो छापीलच! उतरवून घेताना तो गळला. त्या रजिस्टरात तो असणारच म्हणून जे काम चालले होते, ते जागच्या जागी थांबले. चूक म्हणावी तर कोणाचीच नाही, आणि नुकसान मात्र खरे.

भाषेचे नियम ठरवणाऱ्या समितीतले मायकेल फिकारा यांनी गमतीने सुचवले, ‘फ्लॅटन’ नको, ‘स्मूश’ म्हणा. मराठीत सांगायचे तर ‘चेपा’. लोकांनी ते गांभीर्याने घेतले आणि रण पेटले. एक पक्ष म्हणे, जुन्या लायब्ररीसाठी साऱ्या भाषेने कायमचे वेडेवाकडे नाव का वागवायचे? मोडू द्या ती पाने. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की ज्याच्यासमोर पान मोडते, त्याला मूटूल्स ठाऊक नसते. काल चालत होते आणि आज ब्राउझर बदलल्यावर चालत नाही, एवढेच त्याला दिसते. अखेर मे महिन्यात समितीने ‘फ्लॅट’ हे नाव पसंत केले आणि २०१९ च्या प्रमाण आवृत्तीत ते आले. असे होण्याची ही पहिली वेळही नव्हती. २०१४ साली ‘कंटेन्स’ हे नाव याच मूटूल्सपायी सोडून ‘इन्क्लूड्स’ घ्यावे लागले होते.

मी समितीच्या बाजूची आहे. नवी लायब्ररी काढून प्रश्न सुटत नाही, ही गोष्ट वाद घालणारे सोयीस्करपणे विसरतात. पान तयार करताना त्यात लायब्ररीची जी प्रत ठेवली, ती त्या दिवसाच्या झेरॉक्सप्रमाणे तशीच राहते. मूळ लेखकाने पुढे सुधारणा केली तरी ती जुन्या पानापर्यंत आपोआप पोचत नाही. ब्राउझर मात्र आपल्या नकळत बदलत असतो. क्रोमने तर २०२१ साली दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायला सुरुवात केली. एकीकडे गोठलेली प्रत, दुसरीकडे पळता ब्राउझर. मध्ये पान सांभाळणारा माणूस असतोच असे नाही.

आमच्या गावच्या वाचनालयाचे संकेतस्थळ हे याचे चालतेबोलते उदाहरण. मी कार्यकारिणीवर आहे म्हणून ठाऊक. एका सभासदाच्या मुलाने कॉलेजात असताना, २०१० च्या सुमारास, ‘जूमला’ या फुकट मिळणाऱ्या व्यवस्थेवर ते हौसेने बांधून दिले. (हे नाव स्वाहिली शब्दावरून आले, अर्थ ‘सारे मिळून’. आपला जुमला आणि हा, दोघांचे मूळ अरबीच.) जूमलाबरोबर तेव्हा मूटूल्स आपसूक येत असे. मुलगा पुढे परदेशी गेला, संसारात पडला. आमच्या ग्रंथपालबाईंना पासवर्ड माहीत आहे, त्यापलीकडे काही नाही. तरी पुस्तकांची यादी आजही उघडते आणि दुपारी चहाच्या वेळी कोणीतरी मोबाइलवर ती पाहून फोन करते, “बाई, अमुक पुस्तक आत आहे का?” ज्यांनी ‘फ्लॅटन’ सोडून ‘फ्लॅट’ घेतले, त्यांना आमचे वाचनालय माहीत असण्याचे कारण नाही.

अर्थात लायब्रऱ्या सगळ्याच भोळ्या नव्हत्या. पूर्वी पाने ब्राउझरला आधी नाव-गाव विचारीत आणि त्यावरून वागणूक ठरवीत. जेक्वेरीतही तशी सोय होती. २०१३ च्या जानेवारीत १.९ आवृत्तीत ती काढून टाकली. ‘तू कोण’ विचारण्यापेक्षा ‘तुला हे काम येते का’ असे विचारावे, हा त्यामागचा विचार. नाव-गाव विचारण्याचे तोटे ऑपेराने आधीच भोगले होते. २००९ साली त्याची दहावी आवृत्ती आली, तेव्हा कित्येक पाने आवृत्तीचा फक्त पहिला अंक वाचत. दहाचा त्यांच्या लेखी एक होई. बिचाऱ्या ऑपेराने आपली ओळख ९.८० अशीच सांगायला सुरुवात केली आणि खरा आकडा ओळीच्या शेवटी लिहिला. २०२२ साली क्रोम आणि फायरफॉक्स शंभरीला आले, तेव्हा तीन अंकांचीच धास्ती. आधीच चाचण्या घेतल्या गेल्या. फारच मोडतोड झाली तर मुख्य आकडा ९९ वर रोखायचा, हाही उपाय हाताशी ठेवला होता. तशी वेळ आली नाही. हे वाचताना मला १९९९ चा डिसेंबर आठवला. वर्षाचे दोनच आकडे साठवणाऱ्या यंत्रांच्या भीतीने आम्ही शाखेत सगळ्या खात्यांच्या शिलका कागदावर छापून कपाटात ठेवल्या होत्या. १ जानेवारीला काही झाले नाही, तेव्हा लोक म्हणाले, उगाच बाऊ केला. तयारी करणाऱ्याच्या वाट्याला हेच येते.

मात्र ही सांभाळणूक सगळ्यांना मिळत नाही. सर्वांनी मिळून ठरवलेल्या भाषेत जे लिहिले, त्याचीच जपणूक होते. एकाच कंपनीच्या खासगी दारातून जे आत आले, ते दार बंद होताच बाहेर पडले. दक्षिण कोरियात ऑनलाइन बँकिंग वर्षानुवर्षे इंटरनेट एक्सप्लोररच्या ‘अ‍ॅक्टिव्हएक्स’वर अडकून पडले होते. आपल्याकडेही कितीतरी कार्यालयीन संकेतस्थळांच्या तळाशी ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पाहावे’ अशी ओळ असे. १५ जून २०२२ ला तो ब्राउझर निवृत्त झाला. त्याआधी, २०२० च्या अखेरीस, ‘फ्लॅश’ गेले आणि त्यावर बेतलेले खेळ, चित्रे, मुलांचे धडे अंधारात गेले.

आणि पान चालते म्हणजे ते सुरक्षित आहे, असेही नाही. आमच्या जूमलाच्या आवृत्तीची डागडुजी तिच्या कर्त्यांनी केव्हाच थांबवली आहे. ब्राउझरने कितीही जपले तरी मागच्या दाराची कडी आम्हालाच लावावी लागणार. कार्यकारिणीत यावर दोन बैठका झाल्या. नव्या संकेतस्थळाचा खर्च ऐकून खजिनदारांनी चष्मा काढून ठेवला. मग ठरले, की पुस्तकांची यादी तेवढी साध्या, बिनकरामतीच्या पानांवर उतरवून घ्यायची. लायब्ररी नको, उलगडणाऱ्या याद्या नकोत. ग्रंथपालबाई आणि मी शनिवारी दुपारी बसतो. त्या जुन्या पानावरून वाचतात, मी टंकते. लेखकांच्या अनुक्रमाने सध्या ‘म’पर्यंत आलो आहोत.