सीटी स्कॅन : कमी किरणांत भागेल का?

मूतखड्याच्या कळांनी हैराण झालेला बावीस वर्षांचा मुलगा आईसोबत ओपीडीत आला. ‘वर्षभरात दोनदा सीटी झालाय, पण फिल्म गावाला राहिल्या,’ आई म्हणाली. तिसरा करायचा का? अशा वेळी डॉक्टरने दोन प्रश्न विचारायला हवेत : स्कॅन खरेच हवा का आणि हवा असेल तर किती कमी किरणांत भागेल?

छातीच्या एक्स-रेत ०.१ मिलिसिव्हर्टपेक्षाही कमी डोस मिळतो. पोटाच्या नेहमीच्या सीटीत साधारण ८ ते १०. एका स्कॅनने कर्करोगाचा धोका अगदी किंचित वाढतो. मात्र प्रत्येक स्कॅनची त्यात भर पडते आणि लहान मुलांना हे किरण जास्त बाधतात.

किरण कमी केले की चित्र दाणेदार होते. डोस निम्मा केला, तर हा दाणेदारपणा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. मूतखडा घट्ट असल्याने पांढरा उठून दिसतो, तो अशा चित्रातही सहसा लपत नाही. म्हणून फार स्थूल रुग्ण सोडले, तर त्यासाठी ३ मिलिसिव्हर्टच्या आतला स्कॅन पुरतो. यकृतातली बारीक गाठ मात्र आजूबाजूच्या भागात मिसळून जाते. तिथे काटकसर केली, तर निदान हुकू शकते.

आजची यंत्रे शरीराच्या जाडीनुसार किरण आपोआप कमी-जास्त करतात. संगणक चित्रातले दाणे पुसतो. पण फार पुसले, तर बारीक तपशीलही जातात. मुलांसाठी सेटिंग वजनानुसार वेगळे ठेवावे लागते. हव्या तेवढ्याच भागाचा, शक्यतो एकदाच स्कॅन करणे, हा तर बिनखर्चाचा उपाय.

पूर्वी दाणेदार चित्र आले, की मीही तंत्रज्ञाला ‘जरा स्वच्छ काढा’ म्हणत असे. त्या स्वच्छतेची किंमत रुग्ण मोजतो, हे उशिरा उमगले. चित्र देखणे नसले तरी चालेल. प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे.

त्या मुलाच्या सोनोग्राफीत खडा दिसला, मूत्रपिंडाची सूजही दिसली. सीटी टळला.

जुन्या फिल्म, सीडी जपा आणि दर वेळी सोबत आणा. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, तर आधी सांगा. ‘सोनोग्राफीने भागेल का?’ असे निःसंकोच विचारा. पण डोक्याला जबर मार लागला असेल किंवा पक्षाघाताची शंका असेल, तर किरणांच्या भीतीने सीटी नाकारू नका. तिथे उशीर जिवावर बेततो.