ओरखडा भरून काढणारा रंग

नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक फाटा कळमनुरी-हिंगोलीकडे जातो, दुसरा हदगाव-उमरखेडकडे. तेथे एसटीची वाट पाहत असताना एका पाटीच्या लोखंडी खांबाने आमचे लक्ष वेधले. खांबाला रंग चांगला जाड होता, पण एका ओरखड्यातून गंजाचे तांबूस ओघळ आले होते. नखाने उचकटून पाहिले, तर ओरखड्यापासून दोन बोटे अंतरावरचा धड दिसणारा रंगही पोपड्यासारखा सुटून आला. ओरखडा केसाएवढा आणि नुकसान तळहाताएवढे! असे का व्हावे?

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. ओरखड्यात उघड्या पडलेल्या लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतात. हे इलेक्ट्रॉन लोखंडातूनच शेजारी, रंगाच्या कडेखाली जातात. तेथे ऑक्सिजन आणि पाणी ते घेतात व अल्कली तयार होते. अल्कलीमुळे रंगाची लोखंडावरची पकड सुटते. सुटलेल्या जागेत पुन्हा पाणी शिरते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे रंग फुगतो. म्हणजे ओरखडा हे दार; चोरी आत चालू राहते.

आपल्या कातडीला खरचटले तर ती आपोआप भरून येते. रंगाला हे जमेल का? २००१ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील स्कॉट व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅस्टिकमध्ये द्रवाने भरलेल्या सूक्ष्म कुप्या मिसळल्या. तडा गेला की कुपी फुटते, द्रव तड्यात पसरतो आणि घट्ट होतो. पुढे रंगाच्या थरासाठी जवसाचे तेल भरलेल्या कुप्यांचेही प्रयोग झाले, कारण हे तेल हवेतील ऑक्सिजनने घट्ट होते. मात्र कुपी एकदा फुटली की संपली.

दुसरी वाट उजेडाची. खरे तर ऊन हा रंगाचा शत्रू. रंगाचा थर बहुवारिकाचा, म्हणजे पॉलिमरचा असतो. उन्हातील अतिनील किरण त्याच्या लांब रेणुसाखळ्या तोडतात. म्हणूनच जुन्या दारावर हात फिरवला की खडूसारखी भुकटी लागते. या शत्रूलाच कामाला लावता येईल काय? २००९ मध्ये सदर्न मिसिसिपी विद्यापीठातील बिस्वजित घोष आणि मारेक अर्बन यांनी पॉलियुरेथेनमध्ये कायटोसान गुंफले. कायटोसान हा पदार्थ कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळतो. त्याला ऑक्सेटेन नावाची चार अणूंची कडी जोडलेली होती. ओरखडा पडला की या कड्या उघडतात आणि त्यांची टोके जोडीदार शोधू लागतात. अतिनील किरणांनी कायटोसानची साखळी तुटते आणि तिचे तुकडे या टोकांना जोडले जातात. तासाभराच्या आत ओरखडा भरून येतो. २०११ मध्ये आणखी एक बहुवारिक पुढे आले. त्याचे रेणू धातूच्या आयनांनी एकमेकांना बांधलेले होते. तीव्र अतिनील प्रकाश पडला की तो शोषला जाऊन उष्णता निर्माण होते, बांधणी सैल होते, पदार्थ वाहून ओरखडा भरतो आणि प्रकाश काढला की पुन्हा घट्ट होतो. हे एकाच जागी पुन्हा पुन्हा करता येते.

मर्यादाही समजून घ्यायला हव्यात. घोष-अर्बन यांच्या थरात एकाच जागेची दुरुस्ती एकदाच होते. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असते. ते अतिनील किरण स्वतःच शोषून घेते, मग खोलवर उजेड पोचणार कसा? आणि एकदा धरलेला गंज यातले काहीही परत लोखंड करीत नाही.

वर्गात करून पाहण्याजोगे दोन प्रयोग सुचवतो. तीन खिळे घ्या. एक तसाच ठेवा, दोघांना नेलपॉलिश लावा. ते वाळल्यावर त्यांतल्या एकावर सुईने ओरखडा काढा. तिन्ही आठवडाभर मिठाच्या पाण्यात अर्धे बुडवून ठेवा. मग ओरखड्याच्या कडेचा थर हलकेच उचकटायला सांगा. गंज किती दूर गेला ते मुलांनीच मोजावे. दुसरा प्रयोग : एका काचपट्टीवर जवसाच्या तेलाचा, दुसरीवर खोबरेल तेलाचा अगदी पातळ थर द्या आणि रोज बोटाने तपासा. काही दिवसांनी जवसाचे तेल चिकट होऊन घट्ट होऊ लागेल, खोबरेल तसेच राहील.

आपल्या शाळेच्या झोपाळ्याच्या खांबाला असा स्वतः भरून येणारा रंग लाभेपर्यंत दुरुस्ती आपणच करायची आहे. खांब जमिनीत शिरतो तेथे ओल राहते. तिथला रंग ठोकून पाहा. पोकळ आवाज आला किंवा पोपडा सुटला, तर वरून नवा हात मारून भागत नाही. आधी गंज पूर्ण खरवडा आणि लोखंड किती उरले ते पाहा. खांब खाल्ला गेला असेल तर तो बदलेपर्यंत मुलांना झोपाळ्यावर बसू देऊ नका. लोखंड शाबूत असेल तरच प्रायमर लावा आणि मग रंग.