गोव्याचे तावेर्न

गोव्यात गावच्या वाड्यावर किंवा बाजाराच्या कडेला असलेला छोटा, घरगुती बार म्हणजे तावेर्न. पुष्कळदा ती मालकाच्या राहत्या घराची पुढची खोली असते. दोन-चार बाकडी, लाकडी काउंटर, मागे फळीवर बाटल्या. मधल्या दारापलीकडे त्याच घराचा स्वयंपाक. गल्ल्यावर कधी बाप, कधी मुलगा, कधी घरातली बाई. चकण्याला उकडलेली अंडी, तळलेली मासळी, फार तर चोरीस-पाव, म्हणजे गोव्याचे सॉसेज घातलेला पाव.

इंग्लंडमधला जुना पब ओळखला जातो तो पिंपात जिवंत आंबत राहणाऱ्या बिअरमुळे. तावेर्नची ओळख फेणी आणि उर्राक, म्हणजे मुख्यतः काजूच्या फळांपासून गाळलेली दारू. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. माडाची फेणी त्याआधीची मानतात.

काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. बोंडू, म्हणजे काजूची फळे, झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपसूक गळलेलेच वेचतात. ते कातळात कोरलेल्या कुंडात, म्हणजे कोळंबीत, पायांनी तुडवतात. उरलेल्या चोथ्यावर दगडाचे वजन ठेवले की स्वच्छ रस थेंबाथेंबाने गळतो, तो नीरो. हा पोरेही पितात. तुडवून निघालेला रस मात्र दोन-तीन दिवस आंबत ठेवतात. बाहेरचे यीस्ट त्यात घालत नाहीत. मग तो भट्टीवरच्या भाणात उकळून वाफ थंड केली की पहिल्या धारेची उर्राक मिळते. तिच्यात मद्यार्क सुमारे १५ टक्के. उर्राक पुन्हा रसात मिसळून भट्टी लावली की फेणी होते, ती चाळीस टक्क्यांच्या पुढची. धार भांड्यात पडताना उठणारे बुडबुडे पाहून जाणकार तिचा कस सांगतो.

फेणी बुधल्यात वर्षानुवर्षे राहते. उर्राकचे तसे नाही; ती त्या हंगामातच संपवायची. म्हणून उन्हाळ्यात तावेर्नमध्ये लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का घातलेली उर्राक चालते, आणि पावसाळा आला की गिऱ्हाईक फेणीकडे वळते. कोणाच्या भट्टीचा माल आहे हे त्याला ठाऊक असते. लेबलाकडे पाहतो तो पर्यटक.

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. तरी देशी दारूच्या वर्गात अडकल्याने तिला राज्याबाहेरची बाजारपेठ बराच काळ बंदच होती. शेजारच्या महाराष्ट्रातल्या नवी मुंबईत गोव्याशी नाते सांगणारी घरे पुष्कळ, पण तिथे घराच्या पुढच्या खोलीत तावेर्न उघडण्याची सोय नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याची पद्धत आणली. ‘परमिट रूम’ हे नाव तिथलेच.

गोव्याच्या सीमेलगत महाराष्ट्रातल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडेही काजूच्या बागा दाट आहेत. तिथले बोंडू मात्र बहुतांशी बी काढून घेतल्यावर झाडाखालीच कुजतात, कारण सीमेच्या महाराष्ट्राकडच्या बाजूला परवान्याविना तशी भट्टी लावणे गुन्हा ठरते.