भजी गरम, चटणी कच्ची

पाऊस सुरू झाला की आपल्या वस्तीत संध्याकाळी कुठे ना कुठे कढई चढतेच. कांदाभजी, बटाटेवडे, मूगभजी आणि सोबत हिरवीगार पुदिन्याची चटणी. दुसऱ्या दिवशी लेकरांना जुलाब लागले की आपण म्हणतो, "तेलकट बाधलं." विषय तिथेच संपतो. चटणीची चौकशी कोणी करत नाही.

भजे कडकडीत तेलातून निघते. तिथे जंतू टिकत नाहीत. चटणीचे तसे नाही. पाने कच्ची, मिरची कच्ची आणि वाटताना घातलेले पाणी बहुतेक घरी पिंपातले. यातले काहीच चुलीवर गेलेले नसते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत एका घरी नामकरण होते. चटणी सकाळीच वाटून बादलीत भरून ठेवली होती. पाहुण्यांना वाढेपर्यंत संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सात-आठ मुले आजारी. चटणी कोणी तपासली नाही, त्यामुळे तिचाच दोष होता असे आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. पण वड्यांवर ताव मारणाऱ्या आणि चटणी न घेणाऱ्या मोठ्या माणसांना काही झाले नाही, हे आम्ही पाहिले.

पुदिना जमिनीलगत पसरतो. पावसात चिखल उडून पानांच्या मागे बसतो. शेताला कोणते पाणी दिले होते, हे बाजारात कळत नाही. म्हणून जुडी नळाखाली धरून झटकली की झाले, असे समजू नये. पाने देठावरून खुडा, काळी-पिवळी टाकून द्या आणि मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात हलवा. पाने वरून उचलून घ्या, पाणी ओता. तळाला माती दिसायची थांबेपर्यंत, निदान 3 वेळा, हेच करा. पातेले पाण्यासकट चाळणीत ओतले तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवरच येते.

यानंतर पाने, कोथिंबीर आणि मिरच्या उकळत्या पाण्यात 10-15 सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात काढाव्यात. हे गार पाणीही उकळून निववलेलेच हवे. यामुळे जंतू बरेच कमी होतात आणि चटणीचा रंगही हिरवा राहतो. वास थोडा कमी होतो, हे खरे. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर तेवढे चालवून घ्यावे.

पाण्याचे काय करायचे? ज्या वस्तीत नळ तासभरच येतो, तिथे उरलेला वेळ पाइप रिकामा असतो आणि फुटक्या जागेतून आजूबाजूची घाण आत शिरते. म्हणून सुरुवातीचे पाणी भांडी-धुण्याला वापरावे. वाटणाचे पाणी चांगले खळखळून उकळून झाकून गार करावे. रंगासाठी गाडीवरचा बर्फ आणून घालू नये.

एका जुडी पुदिन्याला अर्धी जुडी कोथिंबीर, 3 हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढे आले, अर्धा चमचा जिरे, 2 चमचे फुटाण्याची डाळ आणि अर्ध्या लिंबाचा रस. डाळीमुळे चटणीला पाणी सुटत नाही. लिंबाने रंग टिकतो. मीठ चवीपुरतेच घाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सगळ्या जेवणाचे मिळून चहाचा एक चमचाही नाही. भज्यांत मीठ, चटणीत मीठ, वर मीठ लावलेली मिरची. रक्तदाबाच्या माणसाचा दिवसाचा कोटा तिथेच बराचसा संपतो. आणि पुदिना खाल्ला म्हणून चार भजी जास्त पचतात, ही आपली समजूत आहे. तेल तेवढेच पोटात जाते.

मिक्सर असेल तर भांड्याच्या पात्याखाली बोट फिरवून बघा. कालचे वाटण तिथे चिकटलेले असते. पाटा-वरवंटा असेल तर टाके घासून, वर उकळते पाणी ओतून घ्या.

चटणी खायच्या आधी तासभर वाटा. फ्रिज नसेल तर 2 तासांत संपेल एवढीच करा, उरली तर टाका. कार्यक्रम मोठा असेल तर निवडलेली, धुतलेली पाने तयार ठेवावीत आणि वाटण शेवटी काढावे. वाढायला कोरडा चमचा हवा. ओल्या हाताने चटणी घेऊ नये.

तरीही लेकराला जुलाब लागलेच तर खाणे आणि अंगावरचे दूध बंद करू नका. ओआरएसचे 1 लिटरचे पाकीट 1 लिटर स्वच्छ पाण्यात कालवून घोट घोट पाजा. आशाताईकडे किंवा आरोग्य केंद्रात ते मिळते. झिंकच्या गोळ्या दिल्या तर जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण द्या. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, मूल मलूल पडले किंवा शौचातून रक्त आले तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

पाने खुडल्यावर जाड देठ फेकू नका. ग्लासभर पाण्यात ठेवले की आठ-पंधरा दिवसांत मुळे फुटतात. तेलाच्या रिकाम्या डब्याला खाली भोके पाडून माती भरा आणि देठ लावा. अर्धा दिवस ऊन मिळाले तरी पुदिना वाढतो. डबा मात्र गटारापासून दूर, थोडा उंचावर ठेवा.