18 अंशांवरची 20 मिनिटं

डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या रचून झाल्या होत्या. भूलतज्ज्ञ पडद्याकडे बघत म्हणाले, "अठरा." हे टेबलावरच्या माणसाच्या शरीराचं तापमान. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो. त्या खान्देशातून आलेल्या नानांना इथे मुंबईच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तासभर हळूहळू थंड करत आणलं होतं. मग हार्ट-लंग मशीन थांबलं. हृदय आधीच थांबलेलं, श्वास बंद, आता रक्तही जागच्या जागी. परिचारिकेने घड्याळ लावलं: जास्तीत जास्त 20 मिनिटं.

नाना साक्री तालुक्यातले शेतकरी. त्यांचं गाव माझं आजोळ, म्हणून नाना. त्यांच्या आणि सर्जनच्या परवानगीने मी भूलतज्ज्ञांच्या मागे उभा होतो.

रक्त पूर्ण का थांबवायचं? फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी मिळतं. फुप्फुसाची मोठी धमनी तुंबली की महाधमनीकडून येणाऱ्या बारीक श्वासनलिका-धमन्या फुगतात आणि मशीन चालू असेपर्यंत मागच्या बाजूने रक्त झिरपत राहतं. सर्जनला काही दिसत नाही. थंड शरीराला प्राणवायू कमी लागतो, म्हणून मेंदू एवढा वेळ तग धरतो.

धमनीतली रक्ताची गुठळी चिमट्याने उचलून काढतात, अशी माझी कल्पना होती. ताजी गुठळी मऊ असते. ती औषधाने विरघळवता येते, अगदीच जिवावर बेतलं तर काढताही येते. नानांची गुठळी जुनी. ती धमनीच्या आतल्या अस्तराशी एकजीव झाली होती, त्यामुळे अस्तरासकट सोलावी लागते. सर्जनच्या एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात टोकातून रक्त ओढणारी बोथट नळी. सगळी कसोटी योग्य थर सापडण्यात. वर राहिलं तर गुठळी आतच उरते. खोल गेलं तर धमनीची भिंत फाटते. सर्जन ओढत नव्हते. अस्तर ताणून धरायचं, नळीने भिंत हलकेच मागे लोटायची, पुन्हा जरा पुढची पकड. फाटा आला की त्या फाट्यात शिरायचं, मग त्याच्या उपफाट्यात. थिएटरमध्ये कुणी बोलत नव्हतं. मधूनमधून तेवढे मिनिटांचे आकडे.

उजवी बाजू झाली. मशीन पुन्हा सुरू, दहा मिनिटं शरीराला रक्त, मग डावी बाजू. हिरव्या कापडावर जे मांडलं ते उपटलेल्या कपाशीच्या मुळासारखं होतं: पांढुरकं-पिवळं, जाड सोटमूळ आणि सुतासारखी टोकं. त्या टोकांकडे बोट दाखवून सर्जन म्हणाले, "शेपटं बारीक आली पाहिजेत." बारीक टोक म्हणजे गुठळी शेवटपर्यंत निघाली. नंतर अंग पुन्हा गरम करायला थंड करण्यापेक्षाही जास्त वेळ लागला.

नाना इथवर पोचले ते फार वळसा घालून. पायाला प्लास्टर, मग सुजलेली पोटरी, मग छातीत कळ. सीटी स्कॅनमध्ये गुठळी दिसली, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. बरं वाटल्यावर त्यांनी त्या सोडल्या. पुढे "चालतांना दम लागस, भाऊ" हे त्यांचं पालुपद झालं आणि हातात दम्याचा पंप आला. पंपाने काही होईना, वर्ष गेलं. शेवटी एका इकोत हृदयाची उजवी बाजू फुगलेली दिसली. मग व्हीक्यू स्कॅन: फुप्फुसात हवा कुठे पोचते आणि रक्त कुठे पोचत नाही, ते दाखवणारा. ऑपरेशनसाठी धुळ्याहून मुंबई, सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. धुळ्यात सरकारी मेडिकल कॉलेज आधीपासून आहे, जळगावात 2018 पासून. पण हे ऑपरेशन सतत करणारी पथकं देशातच मोजकी. आणि ते तसंच असावं, कारण इथे जीव वाचणं हात किती सरावलेला आहे त्यावर ठरतं.

हार्ट-लंग मशीनची कल्पनाही अशाच गुठळीपाशी सुचली. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनला जॉन गिबन हे तरुण डॉक्टर फुप्फुसात गुठळी अडकलेल्या एका बाईजवळ रात्रभर नाडी मोजत बसले. ती वाचली नाही. रक्त शरीराबाहेर काढून, प्राणवायू देऊन परत सोडता आलं तर, हा विचार तेव्हाचा. मशीनवरचं त्यांचं पहिलं यशस्वी ऑपरेशन 6 मे 1953 चं.

ऑपरेशननंतरचे पहिले तीन दिवस धोक्याचे असतात, कारण मोकळ्या झालेल्या भागात एकदम रक्त शिरून फुप्फुसाला सूज येते. नानांना ती आली आणि उतरली. आता रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. रक्त किती पातळ आहे ते सांगणारी आयएनआर तपासणी धुळ्यातच होते. मेथी-पालकाचा गोळीवर परिणाम होतो, पण ते बंद नाही. फक्त आज टोपलीभर आणि महिनाभर काहीच नाही, असं करायचं नाही.

फुप्फुसातल्या गुठळीवर तीन महिने नियमित गोळ्या घेऊनही दम लागत असेल, तर वय झालं म्हणून गप्प बसू नका. इको करून घ्या, तो जळगाव-धुळ्यात होतो. आणि व्हीक्यू स्कॅन हवा का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.