फक्कीच्या रेषेवरचा चेंडू

बॅटला लागलेला चेंडू बेसबॉलमध्ये एक तर ‘फेअर’ ठरतो, नाही तर ‘फाऊल’. क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या भोवतीचे सगळे मैदान त्याचे. यष्टिरक्षकाच्या मागून निसटलेल्या चेंडूवरही चौकार मिळतो. बेसबॉलच्या फलंदाजाला मात्र वर्तुळाचा चतकोरच मिळतो. फलंदाज जिच्यापाशी उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागच्या टोकापासून दोन रेषा काटकोनात निघतात. एक पहिल्या बेसच्या कडेने, दुसरी तिसऱ्या बेसच्या कडेने, आणि दोन्ही थेट कुंपणापर्यंत जातात. त्यांच्या आतली जमीन फेअर, बाहेरची फाऊल.

वाशिम जिल्ह्यात हा खेळ आणि त्याचा सख्खा भाऊ सॉफ्टबॉल शालेय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने पोरांच्या हाती येतो. त्यासाठी वेगळे मैदान राखलेले क्वचितच असते. क्रिकेटच्या किंवा कबड्डीच्या मोकळ्या जागेतच फक्की मारून आखणी होते. खुंटी ठोकायची, सूत ताणायचे, होमपासून पहिला आणि तिसरा बेस प्रत्येकी २७.४३ मीटरवर, म्हणजे ९० फुटांवर धरायचा. काटकोन साधला की नाही ते कर्णावरून कळते: होमपासून दुसऱ्या बेसपर्यंत ३८.८० मीटर भरले पाहिजेत. पाया आखताना गवंडी ३-४-५ च्या मापाने काटकोन तपासतो, तीच ही रीत. इथली घाई पुढे महागात पडते. कोन एका अंशाने चुकला तर शंभर मीटरवर रेषा जवळजवळ पावणेदोन मीटर सरकते, आणि मग पंच कितीही चोख असला तरी निकाल चुकीच्याच रेषेवर लागतो.

रेषा स्वतः फेअर असते. क्रिकेटमध्ये वाढलेल्या मुलाला हे पटायला वेळ लागतो, कारण तिथे बॅट क्रीझच्या रेषेवरच राहिली तर फलंदाज बाद. इथे चेंडूने फक्कीचा नुसता धुरळा उडवला तरी तो फेअर. पहिला आणि तिसरा बेस रेषेच्या आत बसवलेले असतात, म्हणून बेसला लागलेला चेंडू पुढे कुठेही गेला तरी फेअरच राहतो. होम प्लेटही फेअर जमिनीत मोडते. प्लेटला चेंडू लागला की फाऊल, ही समजूत फार पसरलेली आहे. ती चूक आहे.

नियमाचा खरा गाभा बेसपाशी आहे. बेसच्या अलीकडे चेंडू पहिल्यांदा कुठे टेकला याला महत्त्व नाही. तो कुठे थांबला किंवा कुठे असताना खेळाडूने त्याला स्पर्श केला, ते पाहायचे. जमिनीवरून उसळत बेस ओलांडणारा चेंडू ओलांडण्याच्या त्या क्षणी फेअर जमिनीवर, किंवा तिच्या वरच्या हवेत, असला पाहिजे. नंतर तो बाहेर वळला तरी हरकत नाही. हवेतून बेसच्या पलीकडे गेलेल्या चेंडूचा निकाल तो पहिल्यांदा जिथे पडतो तिथे लागतो.

तिसऱ्या बेसच्या रेषेलगत सुस्त घरंगळणारा चेंडू हे याचे सगळ्यात बोलके उदाहरण. धावणारा पहिल्या बेसवर आरामात पोचणार हे दिसत असते, म्हणून तिसऱ्या बेसचा खेळाडू चेंडू उचलतच नाही. तो वाकून, हात वितभर वर धरून चेंडूसोबत सरकत राहतो. चेंडू पूर्ण रेषेबाहेर गेला रे गेला की थाप मारून त्याला फाऊल करतो. त्याआधी बोट लागले तर फेअर, आणि धावणारा सुरक्षित. वाशिमच्या काळ्या जमिनीत ही वाट पाहणे अवघड होते. पावसानंतर माती चेंडूला धरून ठेवते, ऊन तापले की भेगा पडतात, आणि एखादे ढेकूळ बाहेर चाललेल्या चेंडूला पुन्हा आत वळवते. बेसच्या अलीकडे असा परत आलेला चेंडू, बाहेर असताना जमिनीखेरीज कशाला लागला नसेल तर, फेअरच धरतात.

२७ मे १९८१ रोजी अमेरिकेतल्या सिॲटल मरिनर्स संघाचा लेनी रँडल असाच एक चेंडू अडवायला जमिनीवर ओणवा झाला आणि फुंकर मारून त्याने तो रेषेबाहेर घालवला. पंचांनी शेवटी फलंदाजाच्या बाजूने निकाल दिला.

बेसचा हा निकष पहिल्यापासून नव्हता. १८७६ पर्यंत चेंडू आत एकदा टेकला की पुरे, मग तो बेसच्या आधीच बाहेर गेला तरी फेअर. शिकागोचा फलंदाज रॉस बार्न्स याने असे फटके मारण्यात हातखंडा मिळवला होता. १८७७ मध्ये नियम बदलला आणि ही पळवाट बंद झाली.

निकाल चेंडूच्या जागेवरून लागतो. खेळाडूचे पाय कुठे आहेत हे पाहायचे नाही. दोन्ही पाय बाहेर रोवून हात आत लांबवला आणि चेंडू आतच हाताला लागून पडला, तर तो फेअर. फलंदाज आपल्या चौकटीत उभा असताना त्याने मारलेला चेंडू त्यालाच लागला, तर फाऊल. पिचरच्या पट्टीवर आदळून उलटा फिरलेला आणि कोणाला न लागता होम व बेसच्या मधून बाहेर गेलेला चेंडूही फाऊल, हे मात्र जुन्या खेळाडूंनाही चकवते.

फाऊल झाला की खेळ थांबतो आणि धावणारे आपापल्या बेसवर परततात. फलंदाजाच्या खात्यात स्ट्राइक पडतो, पण दोन स्ट्राइकपर्यंतच. त्यानंतर तो कितीही फाऊल मारत राहू शकतो. बंट करताना, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच अडवताना, मात्र ही सवलत नाही, तिथे दोन स्ट्राइकनंतरचा फाऊल म्हणजे बाद. बॅटला निसटता लागून थेट कॅचरने पकडलेला चेंडू हा ‘फाऊल टिप’. तो साध्या स्ट्राइकसारखाच, आणि खेळ चालू राहतो. फाऊल जमिनीवर झेल घेतला तर फलंदाज बाद होतो, आणि झेलानंतर आपला बेस गाठून धावणारे पुढे पळू शकतात.

सॉफ्टबॉलमध्ये अंतरे कमी, बेस १८.२९ मीटरवर, पण तत्त्व तेच. टक्कर टाळण्यासाठी तिथे पहिला बेस जोडबेस असतो: पांढरा अर्धा भाग रेषेच्या आत, रंगीत अर्धा बाहेर. चेंडू पांढऱ्याला लागला तर फेअर, नुसत्या रंगीत भागाला लागला तर फाऊल.

पंचाची खूणही फाऊलने खेळ थांबतो या नियमाला धरूनच आहे. फाऊलला तो दोन्ही हात वर करून ओरडतो. फेअरला तोंडातून शब्द काढत नाही, फक्त हाताने मैदानाकडे बोट दाखवतो. ‘फाऊल’ हा शब्द कानावर पडताच धावणारे थांबतात, आणि तो चुकून उच्चारला गेला तर थांबलेला खेळ पूर्ववत करता येत नाही.