माफीनाम्यात चूक कुठे लिहिलीय?

जाहिरातीबद्दलचा माफीनामा वाचताना आधी एवढंच बघावं: 'आम्ही चुकलो' लिहिलंय की 'भावना दुखावल्या असल्यास'? दुसरं असेल, तर दोष वाचणाऱ्याच्या पदरात. पेनं बनवणाऱ्या बिक कंपनीच्या दक्षिण आफ्रिकेतल्या शाखेने 2015 मध्ये, तिथल्या महिला दिनी (9 ऑगस्ट), फेसबुकवर बायकांना पुरुषासारखा विचार करा असा सल्ला दिला. पहिल्या माफीत कंपनी म्हणाली, हे वाक्य आम्ही दुसरीकडून घेतलं होतं. लोक आणखी भडकले, मग दुसरी, सरळ माफी मागावी लागली. याउलट फ्लिपकार्टने 2022 च्या महिला दिनी 299 रुपयांपासून स्वयंपाकघरातली उपकरणं देऊ केली, टीका झाल्यावर मात्र आडवळण न घेता चूक कबूल केली.

'मिक्सर विकला तर बिघडलं काय?' काहीच नाही, वर्षभर विका. बाईच्या सन्मानाच्या दिवशी तिला नेमकी मिक्सरचीच आठवण करून देणं, हे खटकतं. 'पुढचं न वाचताच ओरडता' हा आक्षेप जास्त वजनदार. ब्रिटनमधल्या बर्गर किंगने 8 मार्च 2021 ला 'बायकांची जागा स्वयंपाकघरात' असं ट्विट केलं. पुढच्या ट्विटांत शेफमध्ये बायका किती कमी आहेत ते सांगून शिष्यवृत्ती जाहीर केली. हेतू चांगलाच होता. पण पहिलं वाक्य एकटंच फिरणार, हे मार्केटिंगवाल्यांना कळत नाही? (त्यासाठीच तर ते तसं लिहितात.) शेवटी ट्विट काढलं, माफीही मागितली.

भारतात जाहिरातींतल्या अशा साचेबंद चित्रणाविरुद्ध अ‍ॅस्की या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं जून 2022 पासून आहेत. जाहिरात खटकली तर तिथे तक्रार करता येते.